बोलावं मराठीत, वाचावं इंग्रजीत

शेतकऱ्याला इंग्रजी येत नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी जूनच्या पहिल्या आठवड्यात महाडच्या बाजारपेठेत एखाद्या कृषी सेवा केंद्रासमोर घटकाभर उभं राहावं. पोलादपूरच्या डोंगरातल्या वाडीवरून आलेला, चौथी शिकलेला माणूस दुकानदाराला विचारतो, "हे ई.सी. आहे की डब्ल्यू.पी.?" म्हणजे पाण्यात मिसळायचं पातळ औषध की भुकटी, हे त्याला पक्कं माहीत असतं. पोत्यावरचे पंधरा-पंधरा-पंधरा हे आकडे नत्र, स्फुरद, पालाशचे आहेत हेही त्याला सांगावं लागत नाही. हे इंग्रजी त्याला कुठल्या शाळेनं शिकवलं नाही. गरज पडली, पैसा गुंतला, म्हणून तो शिकला.

हाच माणूस दोन दुकानं सोडून औषधाच्या दुकानात गेला की मात्र गप्प होतो. दिलेलं खिशात घालतो आणि एस.टी. पकडतो. खताच्या पोत्यावरचं वाचणारा गोळीच्या पट्टीवरचं वाचत नाही. पीक गेलं तर पुढच्या साली येईल, माणूस गेला तर येत नाही. मग हे इंग्रजीही आपण का शिकू नये?

पण शिकायचं म्हणजे नेमकं काय, हे आधी ठरवलं पाहिजे. आमचं सांगणं सरळ आहे. डॉक्टरांशी बोलताना आपलं मराठीच बोलावं. कागदावर, पट्टीवर, बाटलीवर जे लिहिलेलं असतं, तेवढं इंग्रजी वाचायला शिकावं. आज आपल्याकडे नेमकं उलटं चाललं आहे. आपण अर्धंमुर्धं इंग्रजी बोलतो आणि छापलेलं वाचत नाही.

अर्ध्या इंग्रजीचा घोटाळा

"मला बी.पी. आहे" असं आपण म्हणतो. बी.पी. म्हणजे रक्तदाब, तो प्रत्येकाला असतोच. प्रश्न आकड्याचा आहे. वरचा १४० किंवा खालचा ९० वा त्याहून जास्त, असा पुन्हा पुन्हा मोजूनही आला, तर तो वाढलेला समजतात. दोन्ही आकडे कागदावर लिहून घेऊन जपून ठेवले तर पुढच्या डॉक्टरला उपयोग होतो. नुसतं "बी.पी. आहे" सांगितलं तर वाढलेला की उतरलेला, हेही कळत नाही. आणि कुणी त्यावर शेजाऱ्याची गोळी आणून दिली, तर भलतंच होऊन बसतं.

दुसरा शब्द निगेटिव्ह. एरवी निगेटिव्ह म्हणजे वाईट, म्हणून तपासणीचा रिपोर्ट निगेटिव्ह आला की घरातल्या म्हातारीचा जीव खाली-वर होतो. तपासणीत निगेटिव्ह म्हणजे जे शोधत होतो ते सापडलं नाही. थुंकीच्या तपासणीत पॉझिटिव्ह आलं, तर क्षयाचे जंतू सापडले असा अर्थ होतो. आणि निगेटिव्ह आलं म्हणजे आजार नाहीच, असंही नव्हे. ते डॉक्टरांनाच विचारावं.

सगळ्यांत घातकी शब्द आहे गॅस. छातीत दाबल्यासारखं होतं, डाव्या हातात कळ उतरते, दरदरून घाम सुटतो, आणि माणूस म्हणतो, "काय नाय, गॅस झालाय." घरातलेही सोडा पाजतात. त्या एका उसन्या शब्दानं खरी लक्षणं झाकली जातात आणि हृदयविकाराच्या झटक्यातला मोलाचा वेळ जातो. "वीकनेस आहे" हेही तसंच. धाप लागते, गरगरतं, की अन्नावरची वासनाच गेली, हे त्यातून डॉक्टरला काहीच कळत नाही.

आपल्या बोलीची किंमत

दुखण्यासाठी मराठीत किती शब्द आहेत ते पाहा. डोकं ठणकतं, पोटात कळ येते किंवा मुरडा येतो, पाठीत चमक भरते, कमरेत सणक मारते, हाडं कडकडतात, डोळ्यांत खुपतं, घशाशी आंबट येतं, पोटात ढवळतं. यातला प्रत्येक शब्द वेगळी वेदना सांगतो. येऊन-जाऊन येणारी कळ आणि एकसारखा ठणका यांतून अनुभवी डॉक्टरला दिशा मिळते. हे सगळं सोडून "पेन होतंय" म्हणण्यात काय शहाणपण?

याचं मोठं उदाहरण आपल्याच भागातलं आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. लाल विंचवाच्या दंशानं तेव्हा इथं धडधाकट माणसं आणि पोरं दगावत. त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी केल्या. उलट्या, अंगाला पाणी सुटल्यासारखा घाम, हातपाय गार पडणं, आणि पुरुष लाजेपोटी सांगत नाहीत असंही एक लक्षण. हृदय निकामी होण्याआधीच्या या खुणांवर त्यांनी लिहिलेला लेख १९८२ मध्ये लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आला. पुढं प्राझोसिन या रक्तदाबावरच्या औषधाचा उपयोग दाखवणारं त्यांचं आणि डॉ. प्रमोदिनी बावस्करांचं लिखाण १९८६ मध्ये तिथंच प्रसिद्ध झालं. शंभरात तीस-चाळीसपर्यंत जाणारे मृत्यू या उपचारानं एकाच्या आसपास आले. २०२२ मध्ये डॉक्टरांना पद्मश्री मिळाली.

यातून आपण घ्यायचं ते हे. लॅन्सेटमधलं इंग्रजी डॉक्टरांनी लिहिलं. पण घाम कधी सुटला, हातपाय कधी गार पडले हे सांगणारी माणसं महाड-पोलादपूरचीच होती. लक्षण सांगणं हे रोग्याचं काम, त्याला इंग्रजी नाव देणं हे डॉक्टरचं. आपण आपलं काम नीट करावं आणि लाज दाराबाहेर ठेवावी.

तसंच आपला धंदाही सांगावा. जुलै-ऑगस्टमध्ये ताप आला आणि मुलानं मुंबईच्या इस्पितळात नेलं, तर तिथल्या डॉक्टरला आपण चिखलात लावणी केली हे कुठून कळणार? "खाचरात उभा होतो, पायाला चीर आहे, पोटऱ्या भयंकर दुखतात" एवढं सांगितलं तर त्याच्या डोक्यात लेप्टोस्पायरोसिस येतो. उंदरांच्या मुतानं दूषित झालेल्या पाण्यातून, जखमेवाटे शिरणारा हा आजार आहे. २०२१ च्या जुलैमध्ये सावित्रीचा पूर ज्यांनी घरात पाहिला, त्यांना हे नाव नवं नाही.

कागदावरची बाराखडी

आता वाचण्याकडे वळू. चिठ्ठीवरची बरीच अक्षरं इंग्रजी नसून लॅटिन शब्दांची लघुरूपं आहेत, म्हणून पदवीधर मुलालाही ती उलगडत नाहीत. त्यामुळे संकोच धरण्याचं कारण नाही. ओ.डी. म्हणजे दिवसातून एकदा, बी.डी. म्हणजे दोनदा, टी.डी.एस. म्हणजे तीनदा. ए.सी. म्हणजे जेवणाआधी, पी.सी. म्हणजे जेवणानंतर, एच.एस. म्हणजे झोपताना. एस.ओ.एस. म्हणजे त्रास झाला तरच, एरवी नाही. एक-शून्य-एक असं लिहिलं असेल तर सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. ही सात-आठ अक्षरं पाठ झाली की निम्मी चिठ्ठी वाचता आली.

पट्टीवर ई.एक्स.पी. या अक्षरांपुढे मुदतीचा महिना आणि साल असतं. त्या महिन्याच्या अखेरपर्यंत औषध चालतं, पुढं फेकून द्यावं. डाव्या कडेला उभी लाल रेघ असेल तर ते औषध डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही.

पट्टीवर दोन नावं असतात. एक कंपनीचं, दुसरं आतल्या घटकाचं. कीटकनाशकात हा फरक आपण ओळखतोच, दुकानदारानं दुसरं नाव दिलं तरी "टेक्निकल कोणतं?" म्हणून विचारतो. इथंही तेच करायचं. क्रोसिन, कॅल्पोल, डोलो या तिन्हींत घटक एकच आहे, पॅरासिटॅमॉल. तापासाठी एक आणि अंगदुखीसाठी दुसरी असं करून दोन्ही घेतल्या, तर मात्रा दुप्पट होते, आणि जास्त मात्रा यकृताला घातक आहे. औषधाचं घटकनाव वाचता येईल असं, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावं, असा नियम भारतीय वैद्यक परिषदेनं २०१६ मध्ये केला होता. तेव्हा "डॉक्टरसाहेब, जरा मोठ्या अक्षरात लिहा" असं म्हणण्यात उद्धटपणा नाही. औषधाच्या दुकानातही पाकिटावर सकाळ, दुपार, रात्र असं मराठीत लिहून मागावं.

इस्पितळातली आणखी दोन अक्षरं. खाटेवर एन.बी.एम. असं लिहिलं असेल तर रोग्याला तोंडावाटे काहीही द्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही. मायेपोटी चोरून पाजलेला चहा भूल दिल्यावर उलटून फुप्फुसात जाऊ शकतो. आणि साखरेच्या तपासणीला फास्टिंग म्हटलं की रात्रीच्या जेवणानंतर काही न खाता जायचं. पहाटे घरून निघताना घोटभर चहा घेतला, तर पोलादपूरहून महाडला आलेली फेरी फुकट.

फवारणीआधी वाचा

आमच्या खात्याशी थेट संबंध असलेली गोष्ट शेवटी सांगतो, कारण तिथं वेळ मिनिटांत मोजावा लागतो. कीटकनाशकाच्या डब्यावर रंगीत चौकोन असतो. लाल सर्वांत जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, मग हिरवा. लाल आणि पिवळ्याच्या वर पॉयझन म्हणजे विष, निळ्याच्या वर डेंजर म्हणजे धोका, हिरव्याच्या वर कॉशन म्हणजे सावधान. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक माणसं गेली. आपल्याकडे फवारणी कमी, म्हणून निर्धास्त राहू नये.

डब्यासोबतच्या घडीपत्रकात ॲन्टिडोट हा शब्द शोधा. ॲन्टिडोट म्हणजे उतारा. ऑरगॅनोफॉस्फेट गटातल्या औषधांपुढे ॲट्रोपिन लिहिलेलं असतं. उंदरांसाठी वापरल्या जाणाऱ्या झिंक फॉस्फाइडला मात्र खास उतारा नाही, ते हाताळताना दुप्पट काळजी हवी. विषबाधा झाली तर उतारा शोधत बसू नका. रोग्यासोबत डबा आणि घडीपत्रक डॉक्टरसमोर ठेवा, म्हणजे त्याची निम्मी शोधाशोध वाचते.

घोणस, फुरसं, नाग, मण्यार यांच्या दंशावरची लस ए.एस.व्ही. या नावानं ओळखतात. १०८ ला फोन लावला की एकानं जवळच्या सरकारी दवाखान्यात "ए.एस.व्ही. आहे का?" एवढं विचारावं. रोगी मात्र थांबवू नये.

गावानं काय करावं

डॉक्टरांनी सगळं मराठीत समजावून सांगावं, हा आग्रह रास्तच आहे. पण समोर रांग असते, आणि रात्री अकरा वाजता वाडीवर डॉक्टर नसतो, पट्टी असते. राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं, त्यामुळे अक्षरं ओळखणारं पोर आज जवळजवळ प्रत्येक घरात आहे. त्याला अर्थ सांगणारं कुणीतरी हवं, एवढंच.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना आमची सूचना आहे. येत्या ग्रामसभेत हा विषय घ्या. ग्राम आरोग्य समितीला बंधनमुक्त निधी मिळतो, त्यातून ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या भिंतीवर या पंचवीस शब्दांचा तक्ता रंगवता येईल का ते पाहा. एका बाजूला इंग्रजी अक्षरं, दुसऱ्या बाजूला मराठी अर्थ. मजकूर वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून तपासून घ्या. आशाताईंनी घरभेटीत जुन्या पट्ट्या बाहेर काढायला लावून मुदत वाचून दाखवावी. शेतीशाळेत खोडकिड्याचा धडा संपला की अर्धा तास घडीपत्रकाच्या वाचनाला द्यायला आमच्या खात्याची माणसं तयार असतील.

आणि शेतकरी बंधू-भगिनींनो, आज संध्याकाळी दिवा लागला की फळीवरच्या डब्यातल्या गोळ्या खाली काढा. पोराला शेजारी बसवा. ई.एक्स.पी. कुठं आहे ते शोधायला लावा. मुदत गेलेली एक तरी पट्टी निघेल, ती बाजूला काढलीत तरी आजचा अभ्यास झाला.