जुन्या जीपच्या बाजूने

जून २०२२ मध्ये राष्ट्रीय महामार्ग ५३ वर, अमरावती आणि अकोला यांच्या दरम्यान, ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटे अखंड काम करून टाकला गेला. लोणी ते माना या पट्ट्यातल्या या कामाची गिनेस बुकात नोंद झाली. वर्षानुवर्षे याच रस्त्यावर हाडे खिळखिळी करून घेतलेल्या वऱ्हाडी माणसाला त्याचा अभिमान वाटला, तो रास्तच आहे. पण या रस्त्याचा दाखला देऊन एक युक्तिवाद फार सहज केला जातो: आता वऱ्हाडात जुन्या फोर व्हील जीपचे काम काय?

कुणी जुनी एमएम-५४०, जिप्सी किंवा थार घ्यायचे मनात आणले, की घरातून, पारावरून, बँकेतून तीच वाक्ये कानावर येतात. रस्ते झाले. चिखलात जायचे तर ट्रॅक्टर आहे. पंधरा वर्षांनी गाडी भंगारात जाते. पार्ट मिळत नाहीत. जुनी गाडी धूर ओकते आणि अपघातात जीव वाचवत नाही. या प्रत्येक आक्षेपात थोडे तथ्य आहे, म्हणूनच तो झटकून टाकता येत नाही, तपासावा लागतो. तपासल्यावर हाती लागते ते असे: वऱ्हाडातल्या शेतकऱ्यासाठी आणि जंगलालगत काम करणाऱ्यासाठी जुनी फोर व्हील गाडी आजही शहाणपणाची खरेदी आहे. मात्र ती कागद आणि चेसी पाहून घेतलेली असावी. रंग आणि टायर पाहून घेतलेली असेल, तर आक्षेप घेणारेच बरोबर ठरतील.

पहिला आक्षेप रस्त्यांचा. महामार्ग गावाच्या फाट्यापर्यंत नेतो. वावरापर्यंत नेते ती पांदण. पूर्णेच्या खोऱ्यातली जमीन काळी, खोल आणि स्मेक्टाइट जातीच्या चिकणमातीची आहे. ही माती पाणी पिऊन फुगते, चाकाला चिकटते आणि उन्हाळ्यात भेगाळते. अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्यात तर पाण्याचा निचराच नीट होत नाही, त्यामुळे पाऊस उघडला तरी पांदण दिवसचे दिवस ओली राहते. नोव्हेंबर २०२१ मध्ये राज्य सरकारला शेत-पाणंद रस्त्यांसाठी मातोश्रींच्या नावाने स्वतंत्र योजना काढावी लागली, हीच या अडचणीची सरकारी कबुली आहे. दर्यापूरच्या किंवा तेल्हाऱ्याच्या शेतकऱ्याला ऑगस्टमध्ये फवारणीचे औषध बांधावर न्यायचे असते, तेव्हा गिनेसचा रस्ता त्याच्या कामाचा अर्धाच भाग सोपा करतो.

मेळघाटात हा मुद्दा आणखी स्पष्ट होतो. खंडू, खापरा, सिपना, गाडगा आणि डोलार या नद्यांच्या खोऱ्यांत वस्त्या विखुरलेल्या आहेत. देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी हा एक. तिथल्या सफारीच्या कच्च्या वाटांवर पर्यटकांना घेऊन फिरते ती बहुतेक वेळा मारुतीची जिप्सी. तिचे नागरी उत्पादन २०१९ च्या सुमारास थांबले. म्हणजे जंगलात रोज राबणारी ही गाडी आता जुन्याच बाजारातून येणार. ज्या गाडीवर जंगलातला रोजगार उभा आहे, तिला कालबाह्य ठरवण्याआधी तिच्या जागी काय येणार हे सांगावे लागेल. २०२३ मध्ये आलेली जिम्नी आणि २०२० पासूनची नवी थार या चांगल्या गाड्या आहेत, पण नव्या फोर व्हील गाडीसाठी दहा लाखांच्या वरची रक्कम लागते. ती सगळ्यांकडे नसते.

ट्रॅक्टरचा आक्षेप त्याहून कमकुवत आहे. ट्रॅक्टर चिखलातून निघतो, हे खरे. पण सेमाडोहकडून रात्री आजारी माणसाला घेऊन परतवाड्याला घाट उतरायचा असेल, तर ट्रॅक्टर कामाचा नाही. ट्रॉलीत माणसे नेणे कायद्याला मंजूर नाही आणि दरवर्षीचे अपघात पाहता ते मंजूर नसणेच योग्य आहे. वावरात जाणारी, कुटुंबाला बाजाराला नेणारी आणि अडीनडीला दवाखाना गाठणारी एकच गाडी हवी असेल, तर जीपला पर्याय कमी आहेत.

इथे जीपच्या भक्तांचेही खंडन करणे भाग आहे, कारण जुन्या गाड्यांच्या व्यवहारात निम्मी फसवणूक त्यांच्या एका वाक्यावर चालते: फोर व्हील टाकली की गाडी कुठेही जाते. असे होत नाही. साध्या डिफरन्शियलमध्ये ज्या बाजूचे चाक हलके पडते, तेच गरगर फिरू लागते. म्हणून चारही चाकांना इंजिनाची ताकद जोडली, तरी पुढचे एक आणि मागचे एक चाक घसरले की गाडी जागेवर उभी राहते. काळ्या मातीत टायरच्या खाचा काही फुटांतच भरून जातात, चाकोऱ्या खोल होतात आणि गाडीचे पोट मधल्या वरंब्यावर टेकते. तिथे उपयोगी पडतात उघड्या खाचांचे मड टायर, लो-रेंजचा संथ गिअर आणि कमी वजन. जिप्सीचे वजन साधारण एक टन. नवी थार तिच्या दीडपटीहून जड आहे. ओल्या काळ्या जमिनीत ही तफावत लगेच जाणवते. फोर्सच्या गुरखाला दोन्ही एक्सलवर डिफरन्शियल लॉक मिळतो, ही तिची खरी जमेची बाजू. आणि जुनी पार्ट-टाइम फोर व्हील कोरड्या डांबरावर टाकून पळवली, तर ट्रान्सफर केसवर आणि जोडांवर ताण येऊन तीच गाडी गॅरेजात जाते.

आता पंधरा वर्षांची भीती. हा सगळ्यांत पसरलेला गैरसमज आहे आणि तो दिल्लीहून आला आहे. दहा वर्षांच्या डिझेल आणि पंधरा वर्षांच्या पेट्रोल गाड्यांवरचे निर्बंध राष्ट्रीय हरित लवादाच्या आणि पुढे २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांतून दिल्ली आणि तिच्या भोवतालच्या राजधानी क्षेत्रापुरते आले. अमरावतीच्या एमएच-२७ किंवा अकोल्याच्या एमएच-३० क्रमांकाच्या खासगी जीपला ते लागू नाहीत. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ४१ नुसार खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षे चालते. त्यानंतर तपासणीत पास झाल्यास ती पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. पर्यावरण कर आणि नूतनीकरणाचे शुल्क भरावे लागते, पण गाडी आपोआप भंगार होत नाही.

या नियमाला एक अपवाद आहे आणि तो वऱ्हाडातल्या खरेदीदाराने पक्का लक्षात ठेवायला हवा. सरकारी खात्यांच्या पंधरा वर्षांवरच्या गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून पुढे वाढवली जात नाही. त्या नोंदणीकृत केंद्रात मोडीत काढायच्या असतात. पूर्वी वन, पाटबंधारे किंवा पोलीस खात्याची जीप लिलावात घेऊन लोक वर्षानुवर्षे वापरत. आता कुणी ‘लिलावातली सरकारी गाडी आहे, कागद नंतर होतील’ असे सांगत असेल, तर ते कागद होण्याची वाट पाहू नये.

दिल्लीकडून येणाऱ्या स्वस्त गाडीचीही हीच गत. तिथे चालवता येत नाही म्हणून ती कमी दरात मिळते. पण तिच्यासाठी तिथल्या आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते, बारा महिन्यांहून अधिक काळ इथे ठेवायची तर कलम ४७ प्रमाणे नवी नोंदणी लागते आणि महाराष्ट्राचा करही भरावा लागतो. हा हिशेब मांडला, की स्वस्ताई बरीचशी विरते.

पार्ट मिळत नाहीत, हे काही गाड्यांच्या बाबतीत खरे आहे आणि काहींच्या बाबतीत साफ चूक. महिंद्राने १९४७ मध्ये मुंबईत विलीजची जीप जोडायला सुरुवात केली. सीजे-३बी, प्यूजोच्या २११२ सीसी डिझेल इंजिनाची एमएम-५४०, मग कमांडर, बोलेरो आणि २०१० ची थार असा हा वंश अखंड चालत आला. २५२३ सीसीचे डीआय इंजिन बोलेरोतही बसले आणि थार डीआयमध्येही, त्यामुळे त्याच्या कामाचा मिस्त्री तालुक्याच्या गावीही सापडतो. १९८५ साली आलेली जिप्सी तीन दशकांहून अधिक काळ बनत होती. १९९६ नंतरच्या जिप्सी किंगचे १.३ लिटरचे इंजिन एस्टीमच्या घराण्यातले. लष्करात हजारो जिप्सी चालल्याने तिचे सामान बाजारात भरपूर फिरले. याउलट जबलपूरच्या लष्करी कारखान्यात निसानच्या परवान्याने बनलेली जोंगा कितीही रुबाबदार दिसली, तरी तिचे जवळजवळ चार लिटरचे पेट्रोल इंजिन सांभाळणे शेतकऱ्याचे काम नव्हे. तिचे उत्पादन १९९९ च्या सुमारास संपले आणि सामान दुर्मीळ झाले. तिच्यावर पैसा घालायचा तर शौक म्हणूनच घालावा.

सुरक्षेच्या आणि धुराच्या आक्षेपात मात्र तथ्य मोठे आहे. जुन्या जीपला एअरबॅग नाहीत, एबीएस नाही, कित्येकींना चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. महामार्ग ५३ वर तिने ट्रकशी शर्यत लावू नये. तिची जागा पांदणीवर, घाटात आणि तालुक्याच्या अंतरात आहे. डिझेल इंजिन काळा धूर मारत असेल, तर पंप आणि नोझलचे काम करून पीयूसी घेणे हे मालकाचे कर्तव्य आहे. ते टाळणाऱ्याची बाजू कुणी घेऊ नये. पेट्रोलच्या जुन्या गाडीत २० टक्के इथेनॉलचे इंधन जाऊ लागल्यापासून रबरी नळ्या आणि गॅस्केट तपासणे, गरज पडल्यास बदलणे हाही देखभालीचाच भाग झाला आहे.

मग घ्यायची कशी? बहुतेक खरेदीदार आधी रंग पाहतात, मग रुंद टायर, मग इंजिनाचा आवाज आणि शेवटी आरसी बुक. क्रम नेमका उलटा हवा. आधी वाहन पोर्टलवर नंबर टाकून नोंदणी कुठवर वैध आहे, बोजा आहे का, चलान थकले आहे का, ते पाहावे. आरसीवरचा चेसी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी स्वतः ताडून पाहावेत. बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ शिवाय पुढे जाऊ नये. नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. शंभर-पाचशेच्या स्टॅम्प पेपरवरची विक्री-चिठ्ठी त्यांची जागा घेत नाही. २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की अपघाताच्या भरपाईसाठी नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच मालक धरला जाईल. विकणाऱ्याच्या डोक्यावरही हीच टांगती तलवार आहे, त्यामुळे नाव बदलण्याची घाई दोघांनाही असली पाहिजे.

कागदानंतर चेसी. गाडी खड्ड्यावर किंवा रॅम्पवर उभी करून खालून बघावी. पाट्यांच्या हँगरपाशी, बॉडीच्या माउंटिंगपाशी गंज किंवा वेल्डिंगचे ठिगळ दिसले, तर सौदा तिथेच थांबवावा. इंजिन पुन्हा बांधता येते, सडलेली चेसी नाही. त्यानंतर पुढचा एक्सल. महिंद्राच्या कितीतरी जीपा टू व्हीलमध्येही विकल्या गेल्या आणि त्याच आता मोठे टायर लावून फोर व्हीलच्या भावात दाखवल्या जातात. पुढच्या एक्सलवर डिफरन्शियलचा गोल हौसिंग हवा, गिअरच्या शेजारी ट्रान्सफर केसचा लिव्हर हवा आणि पुढचा जोड जागेवर हवा. तो काढून ठेवलेला असेल, तर का काढला, ते विचारावे. मग कच्च्या जागी फोर व्हील आणि लो-रेंज टाकून गाडी प्रत्यक्ष चालवून पाहावी.

सजवलेल्या गाडीपासून तर चार हात दूरच राहावे. जानेवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कलम ५२ चा अर्थ लावताना सांगितले, की कंपनीच्या मूळ रचनेपासून फारकत घेणारा बदल नोंदणीत चालणार नाही. छत कापलेली, इंजिन बदललेली, बॉडी नव्याने ठोकलेली जीप तपासणीत अडकू शकते. लष्करी हिरवा रंगही केंद्रीय नियमांनी संरक्षण खात्यापुरता राखून ठेवला आहे. मूळ रूपातली, थोडी खरचटलेली गाडी ही चकचकीत ‘मॉडिफाय’ गाडीपेक्षा कितीतरी सुरक्षित खरेदी.

आता सरकारने करायचे काय, तेही सांगायला हवे. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाड्यांना व्हिंटेज दर्जा आणि ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी पाटी दिली. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची एखादी सीजे-३बी जपणाऱ्याला त्याचा लाभ आहे, पण ती गाडी नेहमीच्या वापरात आणता येत नाही. राबणाऱ्या गाडीचा मात्र भार वाढत गेला आहे. पंधरा वर्षांपुढच्या मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाले, आणि वीस वर्षांपुढच्या हलक्या वाहनासाठी ते ऑगस्ट २०२५ मध्ये १०,००० वर नेले गेले. शहरात रोज धावणारी गाडी आणि हंगामात वावर ते गाव एवढेच चालणारी जीप यांना एकच दर लावणे अन्यायाचे आहे. तपासणी हवी तेवढी कडक असावी. धूर मारणारी, चेसी सडलेली, ब्रेक न लागणारी गाडी बिनदिक्कत नापास करावी. पण जी पास होते, तिला वयाचा दंड नको. आणि धारणीच्या माणसाला तपासणीसाठी अमरावतीपर्यंत दीडशे किलोमीटरच्या आसपास जायला लावण्याऐवजी धारणी, दर्यापूर आणि अकोट इथे पावसाळ्याआधी, मे महिन्यात, आरटीओने तपासणीचे कॅम्प घ्यावेत. शेतीच्या कामातल्या जुन्या फोर व्हील गाड्यांसाठी त्यांत वेगळा दिवस ठेवावा.