सील शाबूत आहे ना, मग झालं?

रमजानच्या आधी घर आवरताना खालाच्या माळ्यावरून अकरा बरण्या निघाल्या. काही मुंबईच्या दुकानातल्या, जॅम आणि लोणच्याच्या. बाकीच्या कुवेतहून भाच्यांनी आणलेल्या: चीज, मिठाच्या पाण्यातले उकडलेले चणे, मध. एकही उघडलेली नाही, सगळ्या 'पाहुणे येतील तेव्हा' म्हणून जपलेल्या. झाकणांवर कशेळ्याच्या पावसाळ्यांचा गंज. कुवेतच्या बरण्यांची लेबलं अरबीत म्हणून कोणी वाचलीच नाहीत. खरं तर उर्दू येणाऱ्याने इथे अडायला नको. 'तारीख' आपलाच शब्द, आणि 'इन्तिहा' म्हणजे शेवट, हे माझ्या सातवीच्या मुलींनाही कळतं. चीजची आणि चण्यांची 'इन्तिहा' होऊन तीन वर्षं झाली होती.

खाला म्हणाली, "सील तुटलंय का? नाही ना? मग बिस्मिल्लाह करून खायचं." सून म्हणाली, "सगळं फेका." तेवढ्यात शेजारून सल्ला आला, "फेकता कशाला? वाडीवर देऊन टाका, सवाब मिळेल."

आधी खालाचं. सील म्हणजे हवा आत जात नाही, एवढंच. पण बोटुलिझमचा जंतू हवा नसेल तिथेच वाढतो, आणि त्याच्या विषाला वास नाही, चव नाही. त्याचे बीजाणू साध्या उकळीने मरत नाहीत, म्हणून कारखान्यात चण्यांसारखे आंबट नसलेले पदार्थ १२१ अंशांच्या आसपास दाबाखाली तापवतात. ते नीट झालं असेल आणि झाकण धड असेल तरच सीलला अर्थ. झाकण फुगलं, गंजून छिद्र पडलं, कडेने पाझरलं, की संपलं. चाखून बघणं तर शुद्ध वेडेपणा.

सुनेचंही पूर्ण खरं नाही. आंबट, खारट आणि गच्च साखरेच्या पदार्थात हा जंतू वाढत नाही. आपल्या बाजारातल्या बरणीवर 'बेस्ट बिफोर' असेल तर ती चवीची, दर्जाची मुदत. 'एक्स्पायरी' किंवा 'यूज बाय' उलटल्यावर मात्र तो माल विकायलाच बंदी आहे. ह्या दोन शब्दांतला फरक न बघता जॅम फेकणं हा इस्राफच. (मध वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र ताजा असला तरी द्यायचा नाही.)

पण शेजारच्या सल्ल्याचा मला राग आहे. "त्यांना काही होत नाही, सवय असते" हे वाक्य मी चांगल्या नमाजी माणसांच्या तोंडून ऐकलंय. ठाकूर-कातकऱ्यांचं पोट काय वेगळ्या मातीचं आहे? उलट अरबी लेबल तिथे कोण वाचणार? बोटुलिझममध्ये श्वासाचे स्नायू लुळे पडतात, व्हेंटिलेटर लागतो. रात्री वाडीवरून पोराला घेऊन कुठे पळायचं त्यांनी? सूरह बकराची २६७ वी आयत नेमकी ह्यावरच आहे: जे स्वतः डोळे मिटल्याशिवाय घेणार नाही, ते दुसऱ्याला देऊ नका. तरावीहला आपण ती दरवर्षी ऐकतो, आणि ईदच्या आधी माळा रिकामा करून त्याला सदका म्हणतो.

चीज आणि चणे न उघडता पिशवीत बांधून कचऱ्यात गेले. खाला दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मुदत चारच महिन्यांपूर्वी सरलेल्या जॅमचं झाकण सपाट होतं, उघडताना टक्क वाजलं, बुरशी नव्हती. तो आम्ही पावाला लावून संपवला. वाडीवर द्यायला दुकानातून नवीन तांदूळ, तेल आणि खजूर आणले. पैसे खालानेच दिले, कुरकुरत.