बॉनेटखालची वाट

माझा एक जुना विद्यार्थी म्हसळ्याहून माणगांवकडे मालाची ने-आण करतो. त्याचा ट्रक जुन्या घडणीचा, म्हणजे चालकाच्या पुढें लांब नाक असलेला आहे. असे ट्रक पूर्वीं सर्रास दिसत. 1954 सालीं टाटांनीं जमशेदपूरला डाइम्लर-बेंझच्या साहाय्यानें जे बांधावयास घेतले, तेही नाकाचेच होते.

गेल्या वैशाखांत तो मजकडे आला. म्हणाला, “गुरुजी, घोणसे घाट चढतांना पाणी उकळतें. अर्धा अर्धा तास थांबावें लागतें. आंबा वेळेवर पोंचत नाहीं, बँकेचा हप्ता मात्र वेळेवर येतो. बॉनेट मागून दोन बोटें उचलून बसवूं का?” उष्ण हवा वर जाते, हें मी जन्मभर मुलांना शिकवीत आलों. मीं तत्काळ होकार दिला, आणि तेथेंच चुकलों.

घाटांत, गाडी हळू चालत असतां, थोडा गुण आला. परंतु सपाटीवर वेग येतांच कांटा पुन्हा चढूं लागला आणि यंत्राचा करपट वास चालकाच्या खोलींत शिरूं लागला. कारण असें कीं, धांवत्या गाडीवरची हवा समोरच्या काचेच्या पायथ्याशीं अडते व तेथें तिचा दाब वाढतो. त्यामुळें आम्हीं ठेवलेल्या फटींतून आंतली हवा बाहेर पडेना. उलट बाहेरचीच आंत घुसूं लागली. अमरकोशांत वाऱ्याला ‘सदागति’ असें एक नांव आहे. मागचें दार बंद असेल, तर पुढचें दार कितीही उघडलें तरी घरांत वारा खेळत नाहीं, हें आपल्या घरच्या स्त्रियांनाही ठाऊक असतें. मला मात्र तें ट्रकपाशीं आठवलें नाहीं.

पुढें एका वृद्ध मिस्त्रींनीं त्या फटीजवळ लोकरीचे दोरे चिकटवून गाडी चालवावयास लावली. दोरे आंत ओढले जात असल्याचें स्पष्ट दिसलें. ते म्हणाले, “झरोके पाडायचेच तर रेडिएटरच्या मागें, बॉनेटच्या पुढच्या भागांत पाडा. तेथें दाब कमी असतो. त्यांचीं तोंडें मागें ठेवा, आणि पत्र्याखालच्या फासळ्या कापूं नका. पण आधीं रेडिएटर पाहूं द्या.”

पाहतात तों जाळी धुळीनें व किड्यांनीं गच्च भरलेली, आणि पंख्याभोंवतालचें कडें फुटलेलें! तापलेली हवाच पंखा पुन्हा पुन्हा फिरवीत होता. जाळी आंतून बाहेर पाण्यानें धुतली, नवें कडें बसविलें, बॉनेट होतें तसें केलें. त्यानंतर घाटांत गाडी थांबली नाहीं.

ज्यांच्या घरीं अशी गाडी आहे, त्यांना चार गोष्टी सांगतों. तापलेल्या रेडिएटरचें झांकण कधींही उघडूं नये. दाबाखालचें पाणी शंभर अंशांच्या पुढेंही उकळत नाहीं, पण झांकण निघतांच उसळून अंग भाजतें. कोंकणच्या पावसांत वरच्या झरोक्यांतून पाणी विजेच्या तारांवर पडतें, याचा आधीं विचार करावा. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचें 52 वें कलम गाडींतील फेरफारांविषयीं आहे. म्हणून पत्रा कापण्यापूर्वीं पेणच्या परिवहन कार्यालयांत विचारावें. आणि मास्तरांचा सल्ला घ्यावा, पण मिस्त्रींना विचारल्यावांचून तो अमलांत आणूं नये.