मातीवांचून फुलें

“आमचें घर तिसऱ्या मजल्यावर, अंगण नाहीं, परसू नाहीं, मग मुलांनीं बाग कोठें करावी?” हा प्रश्न पालकांच्या तोंडून आम्हीं अनेकदां ऐकिला आहे. त्याचें उत्तर म्हणून हल्लीं बाजारांत एक सुबक यंत्र विकावयास आलें आहे. खालीं पाण्याची पेटी, वर विजेचे दिवे, आणि मध्यें बीं घातलेल्या तयार कुप्या. कळ दाबली कीं बाग सुरू! आमच्या कांहीं विद्यार्थ्यांच्या घरीं हें यंत्र आलेंही आहे. म्हणून या विषयावर दोन शब्द लिहावे असें वाटलें. आमचें मत आरंभींच सांगून टाकतों: पाण्यावरची बाग प्रत्येक मुलानें करावी, परंतु ती विकत घेऊं नये, स्वतःच्या हातानें लावावी.

मातीवांचून झाड वाढतें ही गोष्ट आजची नव्हे. इ. स. १६९९ मध्यें इंग्लंडांत जॉन वुडवर्ड यानें पुदिन्याचीं रोपें निरनिराळ्या पाण्यांत वाढवून पाहिलीं. पावसाच्या निर्मळ पाण्यापेक्षां माती कालविलेल्या पाण्यांतलीं रोपें अधिक वाढलीं. तेव्हां झाड नुसत्या पाण्यावर जगत नसून मातींतलें कांहीं द्रव्य त्यास लागतें, असें त्यानें अनुमान केलें. तें द्रव्य कोणतें, याचा नीट उलगडा होण्यास दीडशें वर्षांहून अधिक काळ लागला. १८६० च्या सुमारास जर्मनींत साक्स व क्नॉप या शास्त्रज्ञांनीं ठराविक क्षार पाण्यांत विरघळवून त्यांवर रोपें वाढविलीं. पुढें कॅलिफोर्निया विद्यापीठांतील गेरिक यांनीं ही विद्या प्रयोगशाळेबाहेर आणिली व १९३७ मध्यें तिचें ‘हायड्रोपोनिक्स’ हें नांव प्रसिद्ध केलें. आपल्या देशांत १९४६ सालीं शोल्टो डग्लस यांनीं कालिंपोंग येथें तिचे प्रयोग आरंभिले. हें नांव ग्रीक भाषेंतील दोन शब्दांचें बनलें आहे: एकाचा अर्थ पाणी, दुसऱ्याचा अर्थ श्रम. यंत्र विकणारे यांतील पाणी तेवढें ठेवितात, आणि श्रम नाहींसे केल्याबद्दल वर पैसे घेतात!

गेल्या वर्षीं दिवाळीच्या सुट्टीनंतर आठवीच्या वर्गांत आम्हीं हा प्रयोग केला. मुरांब्याच्या रिकाम्या बरण्या मुलांनीं घरून आणिल्या. झेंडू व झिनिया यांचें बीं ओल्या स्पंजाच्या तुकड्यांत पेरिलें. आठवड्याच्या आंत बहुतेक बीं उगवलें. खरीं पानें फुटेपर्यंत रोपास साधें पाणीच पुरतें. कारण तोंवरची शिदोरी देवानें बियांतच बांधून दिलेली असते. त्यानंतर पाण्यांत खत घालावें, तेंही आरंभीं अर्ध्याच मात्रेनें. मातींत घालावयाचें साधें खत येथें चालत नाहीं. नत्र, स्फुरद व पालाश यांशिवाय कॅल्शियम, मॅग्नेशियम, गंधक, लोह आणि अत्यल्प प्रमाणांत जस्त, तांबें, बोरॉन इत्यादि द्रव्यें रोपास लागतात. मातींत यांतलीं बरीचशीं आधींच असतात. पाण्यांत तीं सर्व आपणच पुरवावीं लागतात. पाण्याचा सामू ५.५ ते ६.५ च्या दरम्यान असावा. तो पाहण्याच्या कागदी पट्ट्या मिळतात.

आमच्या हातून चुका पुष्कळ झाल्या. कांहीं मुलांनीं प्रेमानें बरण्या कांठोकांठ भरल्या, आणि मुळ्या गुदमरून काळ्या पडल्या. मुळ्यांना पाणी पाहिजे तशीच हवाही पाहिजे. म्हणून रोप वाढूं लागल्यावर बरणीचा वरचा भाग रिकामा राहूं द्यावा. कांहींनीं मुळ्या पाहण्याच्या हौसेनें बरणीभोंवतीं गुंडाळलेला काळा कागद काढून टाकिला. उजेड शिरतांच पाण्यांत हिरवें शेवाळ माजलें. तिसरी चूक खुद्द आमची. फुलें लवकर यावीं म्हणून आम्हीं रोपांवर रात्रंदिवस दिवा जळत ठेविला. पानें अशीं फोंफावलीं कीं पाहणाऱ्यानें वाहवा करावी. पण कळीचा पत्ता नाहीं! तिकडे खिडकींत दिव्यावांचून राहिलेल्या दोन बरण्यांत मात्र कळ्या दिसूं लागल्या. तेव्हां एका विद्यार्थिनीनें विचारिलें, “सर, या झाडांना झोंप कधीं?” आम्हीं पुस्तक उघडून पाहिलें. मोठा झेंडू व झिनिया यांस रात्र लांब असली म्हणजे फूल लवकर येतें. अखंड उजेडांत त्यांचा फुलोरा लांबणीवर पडतो. रात्रीं दिवा मालवूं लागल्यावर कांहीं आठवड्यांनीं त्या झाडांसही फुलें आलीं. परीक्षेच्या दिवसांत मध्यरात्रीपर्यंत मुलांना दिव्याखालीं बसविणाऱ्या आईबापांनीं या गोष्टीचा विचार करावा.

परंतु ज्या प्रसंगामुळें हा लेख लिहावासा वाटला तो निराळाच आहे. एका मुलाचें रोप सुकून गेलें. प्रदर्शनाच्या दिवशीं त्याच्या बरणींत मात्र टपोऱ्या फुलांचें झाड होतें. मुळ्या पाहतांच आमच्या ध्यानीं आलें, कारण त्यांत लाल मातीचे कण अडकलेले होते. रोपवाटिकेंतून झाड आणून, मुळ्या धुऊन तें बरणींत बसविलेलें होतें. आम्ही कांहीं बोललों नाहीं. तिसऱ्या दिवशीं तो मुलगा आपण होऊन आला आणि खालीं मान घालून म्हणाला, “सर, तें झाड माझें नव्हतें. माझें मेलें.” मुलास वाईट वाटूं नये म्हणून वडिलांनीं तें आणिलें होतें. त्यांच्या मायेविषयीं आम्हांस शंका नाहीं. पण आम्हीं स्वतःकडे पाहिलें तेव्हां दिसलें कीं, दोषाचा मोठा वांटा आमचाच होता. आम्हीं गुण ठेविले होते ते फुलांना. खऱ्या टिपणाला नव्हे. ज्या शाळेंत फूल न आल्यास गुण जातात, तेथें फूल विकत आणण्याचा मोह मुलास व्हावा यांत नवल तें काय?

कोणी म्हणतील, मग हें पाण्याचें खूळ हवें कशाला? कुंडींत माती भरावी म्हणजे झालें. मातीचा मान कमी करावा असें आमचें म्हणणें नाहीं. होगलंड व आर्नन या कॅलिफोर्नियांतीलच शास्त्रज्ञांनीं १९३८ मध्यें दाखवून दिलें कीं, सारखीच निगा राखल्यास पाण्यावरचें पीक मातींतल्या पिकाहून स्वभावतः सरस ठरत नाहीं. आम्हांस पाण्याची बाग आवडते ती तिच्या कडक शिस्तीसाठीं. माती आपला हलगर्जीपणा पुष्कळ अंशीं पोटांत घालते. पाणी तो थोड्याच दिवसांत उघडा पाडतें.

आणि उत्तम यंत्र मिळालें तरी माणसाची नजर चुकत नाहीं. अंतराळ स्थानकावर २०१५ च्या अखेरीस झिनियाचीं रोपें वाढविलीं होतीं. भाजलेल्या मातीच्या कणांनीं भरलेल्या पिशव्यांत, विजेच्या दिव्यांखालीं. ओल फार झाल्यामुळें त्यांस बुरशी लागली. तेव्हां अंतराळवीर स्कॉट केली यांनीं, पृथ्वीवरून आलेल्या वेळापत्रकाऐवजीं झाडाकडे पाहून पाणी देण्याची मुभा मागून घेतली. कांहीं रोपें मेलीं. पण जानेवारी २०१६ मध्यें वांचलेल्यांपैकीं एक फुललें. इतकें द्रव्य व इतकी विद्या खर्चूनही शेवटीं माळीच व्हावें लागलें!

यंदां आम्हीं असें ठरविलें आहे. प्रत्येक विद्यार्थ्यास एक बरणी व पांच बिया मिळतील. गुण फुलांना नाहींत, टिपणवहीला आहेत. “माझें रोप आज मेलें, कारण मी चार दिवस पाहिलें नाहीं,” असें प्रांजळपणें लिहिणाऱ्यास पूर्ण गुण मिळतील. पालकांस आमची नम्र विनंती एवढीच कीं, त्यांनीं बरणीस हात लावूं नये. मूल रडलें तर जवळ घ्यावें, आणि दुसरें बीं द्यावें.

प्रभु येशूनें सांगितलेल्या पेरणाऱ्याच्या दाखल्यांत, ज्या रोपांस मूळ नव्हतें तीं ऊन लागतांच करपून गेलीं. मूळ वाढतें तें काळ्या कागदाआड, अंधारांत, कोणी वाहवा करीत नसतांना. आमच्या मुलांनीं तेथवर वाट पाहण्यास शिकावें, हीच प्रार्थना.