अक्रोड खावा, पण लावू नये



पावसाळा तोंडावर आला की रोपे विकणारे गावोगाव फिरू लागतात. आंबा-चिकूच्या जोडीला कधी अक्रोडाचेही रोप दाखवतात. बाजारातील अक्रोडाचा भाव आठवून आपण भुलतो. आमचे मत स्पष्ट आहे. बेळगाव-खानापूर भागात किंवा गोव्यात या रोपावर पैसा घालू नये.

अक्रोड हे थंड मुलुखाचे झाड. आपल्या देशातील बहुतेक अक्रोड जम्मू-काश्मीरचा, थोडा हिमाचल व उत्तराखंडचा. हिवाळ्यात हे झाड पाने गाळून विश्रांती घेते. त्या काळात ७ अंश सेल्सिअसखालची थंडी शेकडो तास मिळाली, तरच पुढे डोळे नीट फुटून फळ धरते. ही थंडी खतपाण्याने भरून निघत नाही.

दुसरा धोका अधिक मोठा. आपल्याकडे वाढणारा 'जंगली अक्रोड' हे निराळेच झाड आहे. त्याची कोवळी पाने पिठूळ पांढरट व कोनदार असतात. खऱ्या अक्रोडाच्या एका देठावर बहुधा ५ ते ९ पाने असून ती चुरगळल्यास वास येतो. जंगली अक्रोडाचे कच्चे बी विषारी आहे. खाल्ल्यास उलट्या, मुरडा व जुलाब होतात. मुलाने खाल्लेच, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता ते बी सोबत घेऊन दवाखाना गाठावा.

खरा अक्रोड मात्र जरूर खावा. त्याच्या १०० ग्रॅम गरात सुमारे ६५ ग्रॅम स्निग्धांश व १५ ग्रॅम प्रथिने असतात. हृदयाला हितकर ओमेगा-३ त्यात आहे. रोज तीन-चार पुरेत. खवट लागला तर टाकून द्यावा. लहान मुलांना कुटूनच द्यावा. परवडत नसेल त्याने मन खट्टू करू नये. आपल्या जवसात हेच ओमेगा-३ अक्रोडाच्या दुपटीहून जास्त आहे. भाकरीबरोबर जवसाची चटणी खाणारा काही गमावत नाही.

झाड परके म्हणून नको, असे आमचे म्हणणे नाही. काजूही परकाच. पोर्तुगीजांनी तो १६व्या शतकात आणला आणि इथली उष्ण हवा मानवली म्हणून तो आपला झाला. मोकळी वरकस जमीन असेल, तर वेंगुर्ल्याच्या जातीची काजूची कलमे खात्रीच्या रोपवाटिकेतून आणावीत. ती तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळू लागतात. नाताळच्या केकासाठी लागणारा अक्रोड वाण्याकडूनच आणावा.