उतरणीची वाट आधी ठरवा

थंडी पडली की हिवाळी भटकंतीची पत्रकं फिरू लागतात. या आठवड्यात राजगडाची जी समोर आली, त्यांत तोच मजकूर पुन्हा पुन्हा वाचायला मिळाला: गुंजवणेमार्गे, चोर दरवाज्याने, चढाई दोन-अडीच तास, नवख्यांसाठी योग्य. गड किती वाजता सोडायचा, खाली कोणत्या बाजूने यायचं, उतरायला किती वेळ धरायचा, याबद्दल एक अक्षर नाही. चढाईच्या वेळेवरून वाट निवडण्याच्या या सवयीबद्दल इथे तोरण्याच्या निमित्ताने लिहून झालं आहे, हरिश्चंद्रगडाच्या निमित्तानेही. तरी पुन्हा लिहितो, कारण हिवाळ्यात ही सवय जास्त धोक्याची ठरते. पावसाळ्यातली शेवाळलेली वाट स्वतःच माणसाला सावध करते. हिवाळ्यातली कोरडी, मळलेली वाट काहीच सांगत नाही.

पावसाने घट्ट बसलेली माती नोव्हेंबर संपेपर्यंत सुटलेली असते. तिच्यातला मुरूम मोकळा होऊन कातळावर पसरतो आणि त्यावर बूट ठेवला, की फरशीवर सांडलेल्या ज्वारीवर पाय पडावा तसा तो पुढे सरकतो. कडेचं वाळलेलं गवत वाटेवर आडवं झालेलं असतं. त्याची पाती उताराकडे झोपलेली असतात. चढताना ती बुटाला अडवतात, उतरताना बुटासकट घसरतात. हा घसारा चढणाऱ्याला फारसा जाणवत नाही, कारण त्याचं शरीर पुढे झुकलेलं असतं, नजर हातभर अंतरावर असते आणि तोल गेलाच तर गुडघा टेकतो. उतरणाऱ्याचं वजन मागे पडतं, पुढचं पाऊल कुठे टेकणार ते नीट दिसत नाही आणि थकलेल्या मांड्यांना पावलागणिक सगळं शरीर अडवून धरावं लागतं. दम लागत नाही, म्हणून उतरण सोपी वाटते. थरथरणारे पाय काय म्हणताहेत, ते ऐकून घ्यायला मात्र कुणी थांबत नाही.

म्हणून तीव्र चढाच्या डोंगरावर हिवाळ्यात वाट निवडायची ती उतरण बघून, आणि ती जमली तर चढाई तिच्यावर बेतायची. राजगड हे याचं सगळ्यात बोलकं उदाहरण आहे, कारण तिथे दोन वाटा बांधणाऱ्यांनीच दोन वेगळ्या कामांसाठी ठेवल्या. पाली दरवाज्याची वाट हा राजमार्ग. एकामागोमाग दोन दरवाजे, त्यातला पहिला इतका उंच आणि रुंद की अंबारीसह हत्ती आत यावा असं त्याच्याबद्दल सांगतात, आणि त्याच्याकडे नेणाऱ्या पायऱ्या. महाराजांचा कारभार रायगडावर जाण्याआधी सुमारे पाव शतक या गडावरून चालला. जिथे राजाचं कुटुंब, कारभारी आणि शिबंदी राहते, तिथे धान्याची पोती, पालख्या आणि म्हातारी माणसं रोज चढणार-उतरणार, हे धरूनच ही वाट बांधली गेली. चोर दरवाज्याचं काम अगदी उलट. माची जिथे खाली तुटते त्या कडेला, पद्मावती तळ्याजवळ, एका वेळी एकच माणूस जेमतेम शिरेल एवढी ती फट. तिच्याखाली उभा कातळ, त्याच्याखाली छातीवर येणारी सोंड. कुणाला सहजासहजी वर येता येऊ नये, हेच त्या रचनेचं यश होतं. ज्यांनी ती वाट अवघड ठेवली, त्यांचं काम त्यांनी चोख केलं. आज आपण नवख्यांचे जथे तिथूनच वर नेतो, आणि तिथूनच खाली आणतो.

यात ऋतूचाही वाटा आहे. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आपल्या अक्षांशावर भर दुपारचा सूर्यसुद्धा दक्षिण क्षितिजावर जेमतेम ४८ अंश असतो. गुंजवणे किल्ल्याच्या उत्तर-ईशान्येला आहे. त्या बाजूच्या उभ्या कड्यांना या दिवसांत उन्हाचा स्पर्श थोडाच होतो आणि दुपार कलली की अख्खी सोंड किल्ल्याच्याच सावलीत जाते. सकाळचं दव तिथे उशिरा वाळतं, संध्याकाळ लवकर होते. पाली पश्चिम अंगाला आहे. तिकडून उतरणाऱ्याच्या समोर शेवटपर्यंत उजळलेलं आभाळ असतं. पुण्याच्या परिसरात सूर्य सगळ्यात लवकर मावळतो तो नोव्हेंबरच्या अखेरीस, सहाच्या आत, आणि आपल्याकडे संधिप्रकाश पंचवीसेक मिनिटांत संपतो. वैशाखात मी हेच मत उलटं मांडेन: तेव्हा पश्चिमेचं ऊन टाळायला हवं. वाट बाराही महिने तीच असली, तरी निवड बाराही महिने तीच असू शकत नाही.

हिवाळ्यात पालीने उतरा म्हटलं की पहिला आक्षेप अंतराचा. नसरापूर, मार्गासनीवरून गुंजवणे जवळ पडतं, पालीला आणखी वळसा आहे. खरं आहे. पण तो वळसा गाडीत बसून घालायचा आहे, थकल्या पायांनी घालायचा नाही. दुसरा आक्षेप थराराचा: पालीची वाट सपक आहे, कातळावर हात लावल्याशिवाय राजगड केल्यासारखा वाटत नाही. ज्याला तो कातळ हवा आहे त्याने जरूर घ्यावा, सकाळी, ताज्या पायांनी, वर जाताना. खाली यावं पालीने, आणि गाडी तिकडे मागवून घ्यावी. ते जमत नसेल तर दोन्ही वेळा पाली. तिसरा आक्षेप सगळ्यात वजनदार, की गुंजवण्याची माणसं डोक्यावर ओझं घेऊन त्याच वाटेने वर्षानुवर्षं ये-जा करतात. करतात, आणि त्यांचं बघून शिकण्यासारखं पुष्कळ आहे. पण त्यांना प्रत्येक दगड पायाने ओळखता येतो, ती उजेडाचा हिशेब चुकवत नाहीत आणि चाळीस जणांच्या रांगेत अडकून त्या कातळावर उभी राहत नाहीत. रविवारी वर जाणारे आणि खाली येणारे त्या एकाच फटीशी समोरासमोर येतात तेव्हा वाया जातो तो उजेडाचा वेळ. त्यातच कुणी आरडाओरड करून आग्या माश्या उठवल्या तर पळायला तिथे जागा नाही. पालीच्या पायऱ्यांवर निदान वेगाने खाली सुटता येतं.

आणि रेलिंग. त्याबद्दलचं माझं मत नेहमीच्या वाचकांना पाठ असेल, पण ते सोडवत नाही. कातळावर लोखंडी दांडी बसली की वाट सोपी झाली असा समज पसरतो, आणि ज्यांनी तिथे जायला नको तेच आधी जातात. दांडी हाताला आधार देते; मुरमावरून सरकणाऱ्या पायाला ती काही करू शकत नाही. दांडीमुळे वाचलेले किती आणि दांडीच्या भरवशावर नको तिथे गेलेले किती, याची मोजदाद कुणी करत नाही. माझा कौल दुसऱ्या बाजूला आहे. जुलै २०२५ मध्ये राजगड जागतिक वारशाच्या यादीत आला. गर्दी वाढणार, आणि गर्दी वाढली की आणखी रेलिंगची मागणी होणार. तेवढ्याच कळकळीने पालीच्या वाटेवरच्या ढासळलेल्या पायऱ्या नीट बसवण्याची मागणी व्हायला हवी.

पत्रकं काढणाऱ्यांना तोवर एवढंच करता येईल: चढाईच्या वेळेच्या वर, मोठ्या अक्षरांत, दोन ओळी छापाव्यात. उतरण्याची वाट पाली. गड सोडण्याची वेळ दुपारी तीन, मग बालेकिल्ला बघून झालेला असो वा नसो.