वाढीव बिल आणि संघटित हक्क

मराठा सरदार हिंदूराव घाटगे यांचे नाव धारण करणाऱ्या दिल्लीतील हिंदूराव भागात हिवाळा कडाक्याचा असतो. दोन हजार वॅटचा हीटर रोज 5 तास लावला, तर महिन्याला 300 युनिट पडतात. बिलात त्याच्या दुप्पट आकडा आला तर श्रमिकाने दाद कुठे मागावी? 2002 साली दिल्लीचे वीजवितरण खाजगी भांडवलाच्या हाती गेले. मीटर कंपनी वाचते, बिल कंपनीच काढते आणि तक्रारही प्रथम तिच्याच दारी न्यावी लागते.

तरीही 2003 च्या वीज कायद्याचे कलम 56 एक आधार देते. मागितलेली रक्कम किंवा मागील 6 महिन्यांच्या सरासरीने होणारी रक्कम, यांपैकी कमी असेल ती निषेध नोंदवून भरल्यास वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. एकट्याला खिडकीवरून परतवणे सोपे असते. साऱ्या गल्लीला नव्हे. म्हणून हे कलम घरोघर पोचविणे, हेच कार्यकर्त्यांचे काम होय.